कूलरसमोरची घटपर्णी

बाकीचे लोक झाड आणतात तेव्हा त्यांना फुलं मिळतात, सावली मिळते, निदान चहात टाकायला गवती चहाची दोन पानं तरी मिळतात. आम्ही जे झाड आणलं, त्यानं आम्हाला किस्से दिले! आणि ते कोणी जमवायला गेलं नव्हतं हो. घराच्या दाराशी चपला साचतात ना, तसे ते आपोआप साचत गेले. आता आमच्या स्टाफरूममध्ये कोणी नुसतं "त्या दिवशी ते झाड..." एवढं म्हटलं की लोक हसायला लागतात, पुढचं कोणी ऐकतच नाही.

तुम्ही नवीन आहात म्हणून सगळं सांगते. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी ज्युनिअर कॉलेजात बायो शिकवते. धानाचा पट्टा आहे. चहूकडे राईस मिल आणि मधे आमचं कॉलेज. अकरावी सायन्सची आमची एकच तुकडी, आणि तीही आटत चाललेली. ज्याची थोडी ऐपत आहे तो पोराला उचलून नागपूरला टाकतो. शेवटी संस्थेनं सांगूनच टाकलं, की पुढच्या जूनमध्ये ठरलेली संख्या भरली नाही तर तुकडी बंद.

पोरांचं एक वेळ ठीक आहे, ती बसला लटकून चंद्रपूरला जातील. पण खेड्यावरच्या पोरी? त्यांच्या बापांनी मूलपर्यंत पाठवलं हेच मोठं काम! तुकडी बंद झाली की त्या घरी बसणार, आणि मग त्यांचं लग्नच उरकणार. मला याचा भयंकर राग यायचा. आणि राग आला की मी गप्प बसत नाही, आमच्या प्राचार्यांना विचारा हवं तर.

त्यात एक दिवस मी फळ्यावर घटपर्णी काढली. पानाच्या टोकाला लोंबणारा घट, त्यात पाणी, वर झाकण, आत घसरून पडलेला किडा. सगळं नीट समजावलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठून म्हणाली, "मॅडम, तुमी पायलं का हे कधी?"

"नाही."

"मंग खरं असंल कशावून?"

मी त्याच दिवशी झाड मागवलं.

* * *

केरळातल्या नर्सरीतून खोका आला. तो फोडायला अख्खी स्टाफरूम गोळा! सगळ्यांना वाटलं, आत दात असलेलं काहीतरी निघणार. प्राचार्य तर दोन्ही हात मागे घेऊन दाराशीच उभे होते. केमिस्ट्रीचे मल्लेश सर, हे सिरोंच्याचे, अत्यंत शांत माणूस, त्यांनी सावधपणे कात्रीनं टेप कापला.

आत ओल्या कागदात गुंडाळलेलं वीतभर झाड. प्रवासात सगळे घट वाळून गेलेले, अंगठ्याएवढा एकच शाबूत. मी मात्र असं धरलं जणू बाळंतपणाहून बाळ आणलंय.

शांताबाई, आमच्या शिपाई, पण नोकरीत आम्हा सगळ्यांना सीनियर, त्या वाकल्या आणि निरखून पाहू लागल्या.

"मॅडम, हे मांसाहारी?"

"हो."

"एवढुसं?"

"हो, शांताबाई!"

"मंग उंच टांगून ठेवजा," त्या म्हणाल्या. "इथी बकरी येते."

* * *

झाड स्टाफरूमच्या खिडकीत टांगलं. पहिल्या आठवड्यात जो येईल तो त्या एकुलत्या घटात डोकावून जायचा. मल्लेश सरांचं कुतूहल केमिस्ट्रीवाल्याचं. त्यांनी प्रयोगशाळेतून लिटमस पेपर आणला आणि हळूच घटात बुडवला. निळा पेपर लाल झाला.

"मॅडम, ॲसिडिक!" सर एकदम खूश. "याच्या पोटात ॲसिड आहे!"

प्राचार्य बाजूलाच चहा पीत होते. प्राचार्य विषयानं इतिहासाचे, आणि पित्ताचे जुने पेशंट. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"नेहमीच असते का हो असं?"

"नेहमीच सर."

"अरेरे," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घटात पाहते तर तळाशी पांढरं काहीतरी विरघळून राहिलेलं. मी अख्खी स्टाफरूम डोक्यावर घेतली. "कोणी टाकलं हे? काय आहे हे?" सगळे एकमेकांकडे बघून राहिले. शेवटी प्राचार्य खाकरले.

"मॅडम, माझी गोळी होती. अर्धीच टाकली. मला तिनं लगेच आराम पडते."

आता प्राचार्यांवर ओरडायचं तरी किती! तो घट आठ दिवसांत वाळला. मी खिडकीवर पाटी लावली, 'झाडाला औषध देऊ नये.' त्यानंतर जो पाहुणा यायचा तो आधी विचारायचा, "बिमार आहे का?"

* * *

पावसाळ्यात झाडानं जोर धरला. हवा दमट, पावसाचं पाणी हवं तेवढं, आणि कुंडीत नारळाच्या शेंड्या, कोळसा आणि राईस मिलचं तूस. प्रत्येक नव्या पानाच्या टोकाला तंतू आणि तंतूच्या टोकाला घट. वर्गातल्या त्या मागच्या बाकावरच्या पोरीला मी हाताला धरून आणलं. ती बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "खरंच हाय मॅडम!" माझं तर पोटच भरलं.

श्रावणातल्या एका सोमवारी मी आले, तर प्रत्येक घटाचं झाकण दोऱ्यानं बांधून टाकलेलं! पूजेचा लाल-पिवळा दोरा, वर सुबक गाठ.

"हे कोणी केलं?" मी ओरडले.

शांताबाई झाडू घेऊन सावकाश आल्या. "म्या."

"काऊन?"

"सोमवार व्हय ना. श्रावणातला."

"अहो, ते झाड आहे शांताबाई!"

"मंग? इथी समदे उपासाचे. तुमी शेंगदाणे खाऊन राह्यले, मल्लेश सर केळं खाऊन राह्यले. अन् मधात हे माशी खाणार? हपिसात रायते ना? मंग हपिसाचं पाळन का नाई?"

मी मदतीसाठी मल्लेश सरांकडे पाहिलं. सरांनी केळं खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाले, "तत्त्व म्हणून बरोबर आहे मॅडम."

झालं! श्रावणाचे सगळे सोमवार आमच्या मांसाहारी झाडानं कडक उपवास केला. मंगळवारी सकाळी शांताबाई स्वतःच्या हातानं तो सोडायच्या. झाडाला काही झालं नाही. उलट त्या महिन्यात सगळ्यात मोठा घट आला, आणि शांताबाईंनी त्याचं श्रेय महादेवाला दिलं. माझं नावही घेतलं नाही!

* * *

भाद्रपदात गावात डेंग्यू पसरला. आरोग्य विभागाच्या एक ताई हातात बॅटरी घेऊन दारोदार फिरायच्या आणि साचलेलं पाणी दिसलं की ओतायच्या. कोरडा दिवस पाळा, कोरडा दिवस पाळा, असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. अत्यंत प्रामाणिक बाई. मी तासावर असताना त्या स्टाफरूममध्ये आल्या. त्यांनी कूलरची टाकी ओतली, फुलदाणी ओतली, पाखरांचं पाणी ओतलं. आणि मग त्यांना खिडकीत टांगलेली, पाण्यानं भरलेली, झाकणं उघडी असलेली इतकी सारी भांडी दिसली!

मी परत आले तेव्हा एकेक घट उलटा करून, झटकून, फडक्यानं आतून पुसून ठेवलेला होता. पुसून!

मी धावत गेटपर्यंत गेले. "ताई! काय केलंत हे?"

त्या माझ्यावरच चढल्या. "तुमी काय केलं ते सांगा! एका झाडाले इतकं पानी साचवून ठेवलं! एवढी शिकलेली मानसं तुमी!"

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. पानामागे एक घट त्यांच्या नजरेतून सुटला होता. म्हटलं, मारा बॅटरी यात. त्यांनी मारली. आत डास तरंगत होते, चांगले मूठभर वाटतील इतके.

"हे..." त्या म्हणाल्या, "मेले काय?"

"मेलेच. तेच खातं ते."

ताईंनी बॅटरी बंद केली. मग आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, याची फांदी भेटंल का? एवढाली गावं हाएत अन् मी एकटी. मदतनीस म्हणून नेतो याले!"

* * *

पाऊस गेला आणि खरी परीक्षा सुरू झाली. आमचं बोअरचं पाणी म्हणजे गंजावर, पातेल्यावर हो, पांढरा थर चढवणारं. माणसं पितात बिचारी, पण घटपर्णीला क्षार बिलकुल चालत नाहीत. कॉलेजात पाणी शुद्ध करायची मशीन होती, पण ती उद्घाटनाच्या फोटोपुरतीच चालली होती. पानांच्या कडा करपायला लागल्या आणि मला जेवण गोड लागेना.

मल्लेश सरांनी उपाय सांगितला. "एसीच्या पाईपातून गळते ते पाणी वापरा. त्यात क्षार नसते."

एसी अख्ख्या कॉलेजात एकच, प्राचार्यांच्या केबिनमध्ये! शांताबाईंनी पाईपाखाली बादली लावली. ऑक्टोबरात मजा होती, बादली भरायची आणि प्राचार्यही गार. मग थंडी आली. आमच्याकडची थंडी धानाच्या बांध्यांवरून येते आणि सरळ हाडात शिरते. मी केबिनमध्ये जाऊन नुसती उभी राहायची.

"काय मॅडम?"

"काही नाही सर. बादली रिकामी आहे."

सर एक सुस्कारा टाकायचे, कानटोपी खाली ओढायचे आणि रिमोट उचलायचे. स्वेटर, त्यावर मफलर आणि वरून एसीचा वारा. थंडीत पाईपातून गळायचं ते थेंब थेंबच, पण माणसानं कधी नाही म्हटलं नाही!

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. खुर्चीवर बसले आणि थोड्याच वेळात दोन्ही हात काखेत.

"सर, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"एकदम मस्त."

"मग हा एसी?"

"झाडाले पाणी देऊन राह्यलो साहेब," सर शांतपणे म्हणाले.

साहेबांनी एकदा सरांकडे पाहिलं, एकदा खोलीत झाड शोधलं. झाड तर स्टाफरूममध्ये! साहेबांनी घाईघाईनं दोन चहा घेतले, 'समाधानकारक' असा शेरा मारला आणि निघाले. इतकं लवकर आटोपलेलं इन्स्पेक्शन आमच्या कॉलेजानं कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या तपासणीला सरांनी मला न विचारताच एसी लावला.

* * *

दरम्यान फांद्या वाटून झाल्या होत्या. डेंग्यूवाल्या ताईंनी नेली, मल्लेश सरांनी एक थेट सिरोंच्याला आईकडे नेली. अम्मा पक्क्या तेलुगू, मराठी कामापुरतं. तिकडे दाराच्या चौकटीवर कोहळा टांगतात, घराला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून. सर दुसऱ्या महिन्यात गेले तर चौकटीवरचा कोहळा गायब आणि त्याच्या जागी आमची घटपर्णी! घटांना बाहेरून हळदीकुंकवाची बोटं.

"अम्मा, हे काय?"

अम्मांचं म्हणणं सरळ होतं. कोहळा नुसता लटकतो. हे मात्र येणाऱ्याला धरून खातं. मग राखणीला कोण चांगलं?

शेजारणी रोज येऊन पाहू लागल्या. गोदावरीकाठची दमट हवा, झाड असं फोफावलं की माझंही तसं नव्हतं. मी थोडी जळलेच, खोटं कशाला बोलू! नंतर सरांनी फोनवर विचारलं, "अम्मा, दिष्टी कमी झाली का?"

"दिष्टीचं मले माहीत नाई," अम्मा म्हणाल्या, "पण शेजारणी येते तर हात लावत नाई कशालाच आता!"

* * *

आता उन्हाळा. चंद्रपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. फोनवर झाडवाल्या लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात पुण्याचे एक तज्ज्ञ आहेत. मी विचारलं, आमच्याकडे उन्हाळ्यात घटपर्णी कशी जगवायची? त्यांनी उत्तर दिलं, "चंद्रपूर? मॅडम, तुम्ही निवडुंग लावा."

वरून हसरा चेहरा! माझ्या डोक्याची शीरच तडकली. त्यांना काय वाटलं, आम्ही इथे माणसं कशी जगवतो? कूलरनं! लोखंडी पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंप, समोर पंखा. बाहेर वणवा असला तरी कूलरसमोर गार आणि ओलं. घटपर्णीला नेमकं तेच लागतं.

मे महिन्यात कॉलेज बंद, म्हणून मी झाड घरी आणलं आणि कूलरसमोर ठेवलं. त्या जागेवर लग्नापासून आमचे हे बसत आलेले. यांचं कृषी केंद्र आहे, कीटकनाशकं विकतात. दुकानातून दुपारी घरी आले, पाहिलं आणि दारातच थांबले.

"माझी जागा?"

"आता महिनाभर याची."

"म्हणजे मी दिवसभर किडे मारायचं औषध विकतो, अन् घरी तू फुकट किडे मारणारं आणून ठेवते. धंद्यात कॉम्पिटिशन! अन् वरून हवाबी यालेच!"

बोलले एवढं, पण खुर्ची सरकवली. महिनाभर हे कूलरच्या मागच्या अंगाला बसून जेवले, जिथे पंपाचे शिंतोडे तेवढे उडतात.

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. ते दिवस म्हणजे सडकेवर कुत्रं दिसत नाही. एका पानावर नवा घट फुगून राहिला होता, हिरवा, अजून झाकण चिकटलेलं. आणि भर दुपारी लाईन गेली! एक तास गेला, दोन तास झाले. कूलर बंद, घराची भट्टी. पानं माना टाकायला लागली. मी चक्क रडायला लागले. झाडासाठी कमी आणि जूनसाठी जास्त. हेच दाखवून मी खेड्यापाड्यातून पोरी गोळा करणार होते. हे गेलं तर मी काय दाखवणार, वाळलेली काडी?

हे उठले. काही न बोलता दुकानात गेले, भर उन्हात, आणि पोत्यांचा गठ्ठा घेऊन आले. पोती माठातल्या पाण्यात भिजवली, खुर्च्यांवर टाकून झाडाभोवती तंबू केला आणि वर्तमानपत्रानं वारा घालत बसले. घामानं बनियन चिंब.

"अहो, तुम्हाला चक्कर येईल," मी म्हटलं.

"येऊ दे! त्या पुण्यावाल्याले निवडुंग दाखवतो का मी?"

लाईन संध्याकाळी आली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नवतपाच्या ऐन मधात, त्या घटाचं झाकण उघडलेलं होतं! लालचुटुक काठ, आत काठोकाठ रस. मी थर्मामीटर शोधत बसले नाही, यांना अंगणातल्या उन्हात एका हातात वर्तमानपत्र आणि दुसऱ्या हातात कुंडी देऊन उभं केलं, पटकन फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. वर्तमानपत्राच्या मथळ्यात चंद्रपूरच्या तापमानाचाच आकडा होता.

तज्ज्ञांचं उत्तर संध्याकाळी आलं. "मॅडम, कूलर कोणत्या कंपनीचा म्हणालात?"

* * *

जून आला, झाड परत स्टाफरूमच्या खिडकीत गेलं. फोटो कुठून कुठे फिरला होता. किडे खाणारं झाड पाहायला लोक येऊ लागले, पोरी येऊ लागल्या, आणि आलेल्या पोरीला मी नाव लिहिल्याशिवाय सोडत नव्हते.

एटापल्लीकडून एक काका पुतणीला घेऊन आले. बस बदलत बदलत आलेले, पायात धूळ. पुतणीशी गोंडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. मी झाड समजावून सांगितलं. काठावर गोड रस असतो, त्याच्या लोभानं किडा येतो, आतून भिंत गुळगुळीत, पाय घसरतो, मग बाहेर येता येत नाही, हळूहळू तिथेच विरघळतो.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. घटात वाकून पाहिलं. मग समोरच्या आमच्या ऑफिसच्या टेबलांकडे एक नजर टाकली.

"बाई," ते म्हणाले, "तोंडावर गोड, आत गेलं का निंघत नाई. हे झाड नाई, हे तर हपिस व्हय!"

आमचे क्लार्क मान खाली घालून असे कामाला लागले की विचारू नका. पुतणीचे सगळे कागद दहा मिनिटांत झाले. ती हसत होती, काका हसत होते, आणि मी मनातल्या मनात मोजत होते. आता ठरलेल्या संख्येला एकच नाव कमी होतं. एकच!

* * *

ते एक नाव काही येईना. ॲडमिशनचा शेवटचा दिवस उजाडला, आणि सकाळीच निरोप आला की संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब येऊन राहिले, तुकडीचं काय ते आजच ठरणार. प्राचार्यांनी गोळी घेतली. मी माझी नेसणीतली चांगली साडी नेसून आले होते, लढायलाच आले होते म्हणा ना.

भाऊसाहेब नागपूरला निघाले होते, वाटेत इथे थांबले आणि थेट स्टाफरूममध्येच येऊन बसले. सोबत नात होती, दहावी झालेली. तिला तिकडच्या होस्टेलवर सोडायचं होतं, गाडीवर ट्रंक बांधलेली. पोरगी एका कोपऱ्यात तोंड पाडून उभी.

भाऊसाहेब म्हणजे पट्ट्यातलं वजनदार माणूस. त्यांच्यापुढे कोणी आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. तोंडात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून करतात तो, आमच्याकडे त्याशिवाय माणूस बोलत नाही. त्यांचा तोंडभर होता, त्यामुळे बोलणं हुंकारातच चाललेलं. प्राचार्यांनी संख्या सांगितली.

"हूं," भाऊसाहेब म्हणाले. एक बोट वर केलं. एक कमी.

"हो भाऊसाहेब, पण एकच..."

त्यांनी मान हलवली, नाही. हातानं काट मारल्यासारखी खूण केली. संपलं! मला डोळ्यांपुढे त्या सगळ्या पोरी दिसायला लागल्या. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊसाहेब उठले. तोंड फार भरलं होतं. जागा शोधत खिडकीशी गेले, आणि त्यांना समोर टांगलेला तो नवतपातला घट दिसला. हातभर अंतरावर, तोंड उघडं, झाकणासकट. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. कॉलेजनं अखेर सोय केली, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी एका हातानं घट धरला आणि गाल फुगवले.

"थुंकाल तर खबरदार!"

हा आवाज माझा होता. वर्गात पंख्याच्या खडखडाटावर चढवते तो. खिडकीचं तावदान हललं. मल्लेश सरांच्या हातून कप सुटला. भाऊसाहेब जागच्या जागी थिजले, आणि गट्कन सगळं गिळून बसले!

भाऊसाहेबांचे डोळे पाण्यानं भरले. मग जोरदार उचकी आली, आणि लागोपाठ दुसरी. प्राचार्य पाण्याचा ग्लास घेऊन धावले. शांताबाईंनी दारातून मला हातानं खूण केली, गेली तुमची नोकरी! म्हटलं, जाऊ दे! ते झाड मी ओठांशी पाण्याचा थेंब धरावा तसं जगवलंय, अन् यांच्या पिचकारीला देऊ?

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून हसू फुटलं. ती नात! पोट धरून हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा, हे नंतर ड्रायव्हरनं सांगितलं.

"आजोबा," ती म्हणाली, "आजीनं इतक्या वेळा सांगून पायलं, तुमी तिचं कधी ऐकलं नाई!"

ती खिडकीशी आली. घटाच्या काठावर बोट फिरवलं, आत वाकली. "मॅडम, ही मुंगी आत्ता पडली. निंघत काऊन नाई ती?" मी सांगायला लागले. ती विचारत गेली, मी सांगत गेले. पडलेल्या मुंगीचे पाय मायक्रोस्कोपखाली दाखवले, घटाच्या आतल्या भिंतीची साल दाखवली, कशी मेणासारखी सुटते ते. मागे भाऊसाहेब खुर्चीवर बसून उचक्या देऊन राहिलेले, बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेला. आम्हा दोघींना कशाचं भान नव्हतं.

तिसऱ्या हॉर्नला भाऊसाहेब उठले. "चाल बेटा. उशीर होऊन राह्यला."

पोरगी जागची हलली नाही. "आजोबा, तिथी प्रॅक्टिकल नाई होत म्हणे. नुसते क्लास."

"असं कोन म्हणते?"

"समदे म्हणते. मले नाई जायचं." आणि एकदम रडायला आली. "मले इथी राह्याचं."

भाऊसाहेबांनी नातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, इतका वेळ की मीच नजर खाली केली असती, पण केली नाही. बाहेर गाडीवर ट्रंक बांधलेली दिसत होती. प्राचार्यांचा हात आपोआप छातीवर गेला.

"मॅडम," भाऊसाहेब म्हणाले, आणि मधेच उचकी आली. "ड्रायव्हरले सांगा ट्रंक उतरवाले. अन् हिचं नाव कुठी लिवाचं?"